‘कोणी दिलं?’ हा रकाना

कुमुद, तू खोटं बोललीस.

ज्या बाईनं लॅबमधल्या एकतीस वर्षांत कधी सतराचे अठरा केले नाहीत, ती दवाखान्याच्या खाटेवर बसून, माझा हात दाबून, एका तरुण डॉक्टरच्या तोंडावर ‘नाही’ म्हणाली. मी शेजारी उभी होते. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मीही गप्प राहिले. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. हे अठरा दिवस मी त्या एका शब्दाचा राग घेऊन या घरात वावरते आहे.

लोक येतात, तुझ्या फोटोसमोर बसतात. “लई शांत होत्या जी ताई,” म्हणतात. मी चहा देते. कोण शांत होतं? तू? पाटीभर भांडी घासून ठेवावीत तसा तुझा आवाज सकाळी सहापासून घरात खणखणायचा. मेलेल्या माणसाला लोक लगेच इस्त्री करून घडी घालतात, ते मला आवडत नाही. घड्या घालायचं काम या घरात माझं होतं.

परवा माझ्या श्रीकांतचा मेलबर्नहून फोन आला. मागून ईशानचा आवाज येत होता, “बाबा, आत्याआजीला काय झालं होतं?” श्रीकांत म्हणाला, “वय झालं होतं रे तिचं.” अडुसष्ट! मी एकाहत्तरची, अजून दोन जिने चढते. तुझ्या भाच्यानं तुला एका वाक्यात संपवून टाकलं. मी त्याला तिथंच दुरुस्त करणार होते, पण फोन ठेवून दिला, कारण दुरुस्तीची सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती.

म्हणून लिहिते आहे. ईशानच्या थोरल्या बहिणीला, मुक्ताला मराठी वाचता येतं, दोन सुट्ट्या घालवून मीच शिकवलं. ती धाकट्याला वाचून दाखवेल. मुलांना समजावं म्हणून क्रमानं लिहीन. बोलेन मात्र तुझ्याशीच, कारण भांडण तुझ्याशी आहे.

मुलांसाठी आत्याआजी म्हणजे ‘रक्त तपासणारी’. रक्त तपासणारे इथं तिरोड्यातही दहा मिळतील. तू गोंदियाच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचीस आणि कोणत्या औषधानं ते मरतात ते बघायचीस. रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायचीस, संध्याकाळी परत. मी इंग्रजी शिकवणारी, मला वाटायचं नणंदबाई काचा धुवायला जातात. एकदा तुझा भाऊ वैतागून म्हणाला, “एकदा जाऊन बघून तर ये ती काय करते.” मी गेले.

तू माझ्यासमोर तळहाताएवढी काचेची बशी धरलीस. तिच्यात गोठवलेलं आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, फिकट चहाच्या रंगाची. त्यावर आदल्या दिवशी एका आजाऱ्याच्या लघवीतले जंतू कापसाच्या बोळ्यानं पसरलेले, तीनदा, दर वेळी बशी थोडी फिरवून. वर कागदाच्या सहा चकत्या, टिकलीएवढ्या, प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं. रात्रभर उबेत ठेवल्यावर सगळीकडं जंतूंची साय धरली होती. फक्त काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल मोकळे होते. तिथपर्यंत औषध पोचलं होतं, तिथं जंतू उगवू शकले नव्हते. एका चकतीला मात्र साय अगदी चिकटून उभी होती. तू म्हणालीस, “हे औषध या माणसाले दिलं काय, न् नळाचं पाणी दिलं काय, एकच.”

मी शहाणपणानं सर्वांत मोठ्या गोलाकडं बोट दाखवलं. “म्हणजे हे सगळ्यात चांगलं.”

“वहिनी, तुम्ही इंग्रजीचे मार्क चित्रकलेच्या मार्काशी तोलता का? प्रत्येक औषधाची पास व्हायची रेघ वेगळी. आता बोलू नका, मी मोजून राहिली.”

काळ्या कापडावर बशी पालथी धरून तू स्केल लावलीस. एकदा मोजलंस, पुन्हा मोजलंस आणि मगच लिहिलंस. तेवढ्यात एका डॉक्टरकडचा कंपाउंडर आला. त्याच्या साहेबांनी सुरू केलेलं औषध रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडं पडलं होतं. “बाई, एका मिलिमीटरनं काय होते?” तो म्हणाला. तू मानही वर केली नाहीस. “मले कायले विचारता? पेशंटले विचारा, परवापर्यंत राहिला तर.” तो गेला. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. मी बोलले नाही. मी तुला इतकंच म्हटलं की टेबलावर धूळ आहे.

घरातही तू तीच. मी धिरडी घातली की तव्यावर वाकून बघायचीस. “थर पातळ पडला, वहिनी. पातळ थरावर औषध लांब पळते, गोल उगाच मोठा दिसते.” हे धिरडं आहे, प्लेट नाही, असं मी किती वेळा ओरडले! श्रीकांत लहानपणी स्केल घेऊन धिरड्याला लावायचा आणि तुम्ही दोघं हसायचात. मी हसले नाही त्या वेळा आता मोजते आहे.

आणि तो डबा! मुलांनो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. गल्लीत कोणाला जळजळ झाली, ताप आला की बायका तुझ्याकडं गोळी विचारायला यायच्या. तुझं एकच उत्तर, “आधी बाटली, मग गोळी.” आधी नमुना द्या, मग औषध घ्या. औषधाचा घास पोटात गेला की नमुन्यातले जंतू दबतात, मग प्लेटवर काही उगवत नाही आणि आजार मात्र आत तसाच. सकाळी त्यांच्या झाकणाच्या बाटल्या तू तीन पुडांच्या स्टीलच्या डब्यात बर्फात बसवायचीस आणि पॅसेंजरनं गोंदियाला न्यायचीस. गाडीत कोणी विचारलं, “ताई, आज डब्यात काय हाय?” तर तू म्हणायचीस, “तुमाले नाई चालनार.” शेजारच्या पटलेबाई एकदा चिडून म्हणाल्या होत्या, “काऊन वो कुमुदताई, एका गोळीसाठी मानसाले एवढं पळवता? त्या मेडिकलवाल्यानं दोन कापून देल्या असत्या.” तू म्हणालीस, “दोन गोळ्यांनं तुमी बऱ्या न् जंतू हुशार. मंग पुढच्या बारीले तो तुमाले पळवीन.”

लॅबच्या फॉर्मवर तीन रकाने छापलेले होते. नमुन्याआधी औषध घेतलं का? कोणतं? कधी? चौथा तू मागं लागून छापून घेतलास: कोणी दिलं? लॅबचे डॉक्टर हसले होते. “कुमुदताई, देणाऱ्याशी जंतूला काय करायचंय?” तू त्यांना सांगितलंस, लोक औषधाचं नाव विसरतात, देणाऱ्याचं विसरत नाहीत. देणाऱ्याकडं गेलं की रिकामी पट्टी सापडते. मला हे तू घरी येऊन जेवताना सांगितलंस. तुझ्या डोक्याची ती चाल मला इतकी आवडली की मी वर्गात मुलींना सांगितली. हेही तुला बोलले नाही.

चार वर्षांपूर्वी लॅब बंद झाली. डॉक्टर थकले, मुलगा पुण्याला. आता तिथं कलेक्शन सेंटर आहे. नमुना घेतात आणि नागपूरला पाठवतात. शेवटच्या दिवशी तू घरी येताना औषधाच्या चकत्यांच्या बारा कुप्या आणल्यास आणि कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा. कुप्या माझ्या फ्रिजच्या दारात ठेवल्यास, लिंबांच्या शेजारी. प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात, कधी उघडली ती तारीख. पहिल्या वर्षीच सगळ्यांची मुदत संपली. तू काढल्या नाहीस. दूध काढताना तुझं बोट त्यांच्यावरून फिरायचं, मी बघितलं होतं.

बघितलं होतं, तरी यंदा नवरात्राआधीच्या साफसफाईत मी त्या फेकल्या. न विचारता. घंटागाडीत घातल्या आणि फ्रिजचं दार सोड्यानं पुसून काढलं. तू दार उघडलंस, बघितलंस आणि म्हणालीस, “तारीख उलटलीच होती त्यांची.” त्यानंतर आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या हातचं वाढलेलं घेईनास, आपलं आपण वाढून घ्यायचीस. आठव्या दिवशी मी म्हणाले, “तुझ्या भावाच्या घरात एवढी वर्षं राबले, तरी मी परकीच.” हे वाक्य मी जाणूनबुजून लागेल असं म्हटलं. तुझा भाऊ असता तर मला तिथंच थांबवलं असतं. त्याच्या शेवटच्या आजारपणात रात्रपाळी तू केलीस आणि दिवसपाळी मी. परकं कोणीच नव्हतं. हे मला त्या क्षणीही माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तुला थंडी वाजून आली. लघवीला जळजळ आणि पाठीत उजवीकडं, बरगडीच्या खाली, दुखत होतं.

आता माझ्या डब्याबद्दल लिहिते. माझा औषधांचा डबा सगळ्या गल्लीत प्रसिद्ध. कप्पे, चिठ्ठ्या, तारखा. तू त्याला नेहमी टोचायचीस, “औषध उरतं कसं, वहिनी? उरलं म्हणजे पुरं घेतलं नाही.” गेल्या वर्षी मला मूत्राशयाचा संसर्ग झाला तेव्हा तूच माझी बाटली डब्यातून नेलीस, रिपोर्ट आणलास आणि पिवळ्या कॅप्सूल डॉक्टरांकडून लिहून आणल्यास. पाच दिवस, दोन वेळा. तेव्हाच तू मला समजावलं होतंस की हे औषध लघवीत उतरतं, खाली मूत्राशयात काम करतं. वर मूत्रपिंडात किंवा रक्तात त्याचा जोर नाही. मी तीन दिवस घेतल्या, मळमळायला लागलं, बरंही वाटत होतं, म्हणून बंद केल्या. चार उरल्या. त्या मी चिठ्ठी लावून ठेवल्या आणि तुला सांगितलं नाही.

त्या दुपारी मी बशीत एक पिवळी कॅप्सूल ठेवली, पाण्याचा पेला घेतला आणि तुझ्यापुढं धरला. “घे. माझ्या हातचं एवढं तरी घे.”

तू कॅप्सूलकडं बघितलंस. मग माझ्याकडं. “उरल्या होत्या?”

“हो.”

तुला सगळं कळलं होतं, कुमुद. तुला ते औषध रंगावरून ओळखता येत होतं. पाठ दुखते म्हणजे आजार वर चढला आहे, तिथं हे पोचणार नाही, हेही कळत होतं. आणि बाटली आधी हवी, हे तर तू साऱ्या गल्लीला शिकवलं होतंस. पटलेबाईंनी ही बशी पुढं केली असती तर तू ती त्यांच्या अंगणात भिरकावली असतीस. पण तू हसलीस, गिळलीस आणि म्हणालीस, “चहा टाका. आलं घाला जरा.”

आठ दिवसांनी तू माझ्याशी बोलली होतीस. मी स्वयंपाकघरात आलं किसत होते आणि मला आनंद झाला होता. हे मला मुलांना सांगायचं आहे. मला आनंद झाला होता. दोन दिवसांत चारही कॅप्सूल तू माझ्या हातून घेतल्यास. त्या दोन दिवसांत आपण खूप गप्पा मारल्या. पडदे बदलायचं ठरवलं, नवेगाव बांधच्या तळ्यावर एक दिवस जाऊन यायचं ठरवलं. तुझी जळजळ थांबली. ताप थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तुला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. नमुना घेताना तू नर्सला झाकण कसं धरायचं ते शिकवत होतीस. ती बिचारी “हो मावशी, हो मावशी” करत होती. मग तो तरुण डॉक्टर आला, हातात फॉर्म. मुलगा नीट होता, मला त्याचा राग येत नाही, म्हणजे तेवढा येत नाही. त्यानं योग्य प्रश्न विचारला.

“आजी, याच्या पहले कोई अँटिबायोटिक लिया था? घरातलं, मेडिकलचं, काहीपण?”

मी तोंड उघडलं. तू माझा हात दाबलास.

“नाही,” तू म्हणालीस. शिक्षकांना हजेरी द्यावी इतक्या स्वच्छ आवाजात.

त्यानं ‘नाही’वर खूण केली. त्याच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. चौथा रकाना नव्हता.

तो बाहेर गेल्यावर मी म्हटलं, “का खोटं बोललीस?”

“त्यानं पुढं विचारलं असतं, कोणी दिलं. तुमचं नाव सांगू? उद्या श्रीकांतचा फोन येईन त्याले, तो सांगून टाकीन.”

“मग सांग ना माझं नाव! मीच दिली!”

“हळू बोला. पूर्ण वॉर्डाले ऐकवता का? उद्या तुम्ही कपडे आणायले घरी गेल्या की सांगीन मी त्याले. एका दिवसानं काय होते?”

एका दिवसानं काय होते! कंपाउंडर म्हणाला होता, एका मिलिमीटरनं काय होते. तुला तेव्हा त्याला परतवता आलं. मला तुला परतवता आलं नाही. मी एम.ए. झालेली बाई, अडतीस वर्षं पोरींना सांगत आले की चूक झाली की हात वर करा. मी खुर्चीवर बसून तुझ्यासाठी मोसंबी सोलत राहिले.

डॉक्टरनं एक इंजेक्शन सुरू केलं. इथं सर्दीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्यांना तेच टोचतात. त्यानं लोक बरे होतात म्हणून टोचतात, आणि इतकं टोचतात म्हणून आता बरे होत नाहीत. हे तुझंच वाक्य, मी फक्त व्याकरण नीट केलं आहे. दुसऱ्या दिवशी लघवीचा रिपोर्ट आला, वाढ नाही. मूत्राशयातले जंतू माझ्या कॅप्सूलनं गप्प केले होते. डॉक्टर म्हणाला, लघवीत काही नाही, म्हणजे ताप दुसरा कुठला तरी. धानाच्या दिवसांत इकडं किड्याच्या चाव्याचा ताप असतो, मलेरिया असतो. तो त्या वाटेनं शोधायला लागला. तू त्याला सांगणार होतीस. मी कपडे आणायला गेलेही. परत आले तेव्हा तू मला ओळखलं नाहीस.

तू हवेत बोटांनी काही तरी धरलं होतंस. काय ते मला लगेच कळलं. स्केल होती. “चौदा. लिहा. एकवीस. लिहा. सहा.” नर्स म्हणाली, “आजी काय मोजून राहिल्या?” मला ठाऊक होतं. चकती स्वतःच सहा मिलिमीटरची असते. सहा म्हणजे भोवती गोलच नाही, साय चिकटलेली. तू “सहा, सहा” म्हणत होतीस आणि तुझ्या हातात तेच इंजेक्शन चढत होतं.

तेव्हा मी पळत जाऊन त्या डॉक्टरला सांगितलं. पिवळी कॅप्सूल, चार, माझ्या हातून. त्यानं तुझा फॉर्म काढून बघितला. मग म्हणाला, “माताजी, कल क्यों नहीं बताया?” तो ओरडला नाही. मला आज वाटतं, त्यानं ओरडायला हवं होतं. माझ्यावर कोणी ओरडतच नाही. मी बाई, मॅडम, माताजी, वहिनी. तुझ्या रक्ताचा नमुना तेव्हा घेतला, पूर्ण एक दिवस उशिरा. तुला नागपूरला हलवलं. तिथं त्यांनी मिळेल ते सगळं दिलं. तिसऱ्या सकाळी तू गेलीस.

रिपोर्ट त्याच दुपारी आला, दवाखान्यात नंबर श्रीकांतचा दिलेला, म्हणून त्याच्या फोनवरून माझ्या फोनवर. तुझ्या रक्तातले जंतू त्यांनी प्लेटवर वाढवले होते, चकत्या ठेवल्या होत्या, आकडे लिहिले होते. त्या इंजेक्शनसमोर सहा. दुसऱ्या दोन औषधांसमोर मोठे आकडे, रेघेच्या कितीतरी पलीकडं. दोन औषधं होती, कुमुद. साधी, कुठल्याही मोठ्या दवाखान्यात मिळणारी. त्यातलं एक नागपूरला शेवटच्या रात्री सुरू केलेलं. पहिल्या दिवशी ‘हो’ म्हटलं असतंस तर रक्त पहिल्या दिवशी घेतलं असतं. मी तो रिपोर्ट स्मशानातून आल्यावर, ओल्या केसांनी, दोनदा मोजल्यासारखा वाचला. तू शिकवलं होतंस म्हणून मला वाचता आला. ज्या माणसाला तो आधी हवा होता ते माणूस नव्हतं.

कदाचित तू तरीही वाचली नसतीस. डॉक्टर मला हेच समजावत होता. वय, साखर, बाकीचं. मला ती सवलत नको. तूही कधी कोणाला एका मिलिमीटरची दिली नाहीस.

मला राग कशाचा आहे, नीट सांगते. त्या मेडिकलवाल्याचा आहे, त्याच्या कात्रीचा आहे. त्या इंजेक्शनचा आहे. गोंदियातली चालती लॅब बंद पडली आणि कोणाला काही वाटलं नाही, त्याचा आहे. माझा आहे, तो मी मरेपर्यंत पुरवून वापरीन. पण सगळ्यात जास्त तुझा आहे. तू जगाशी खरं बोललीस आणि माझ्याशी गोड वागलीस. माझ्याशी गोड वागायला मी कोण लागून गेले होते? बशी माझ्या तोंडावर फेकायची होतीस. “वहिनी, अक्कल गहाण ठेवली का? आधी बाटली!” असं ओरडायचं होतंस. मी दोन दिवस फुगून बसले असते. एवढंच झालं असतं. मी फुगले असते आणि तू असतीस.

परवा पटलेबाई आल्या. सुनेला ताप आहे, जळजळ आहे. “कुमुदताई गेल्या, आता तुमीच सांगा वो मॅडम. तुमच्या डब्यात हायेत ना गोळ्या?”

“डबा रिकामा केला.”

“मंग मेडिकलमधून दोन आणतो.”

“पटलेबाई, एकही गोळी तोंडात घालायची नाही. आधी बाटली!” मी इतक्या जोरानं ओरडले की त्या दारातल्या दारात दचकल्या.

“काऊन एवढ्या तापता? गोंदियाले नेईन कोण?”

“मी.”

तीन पुडांचा डबा माळ्यावरून काढला, घासला, बर्फ भरला. एकाहत्तराव्या वर्षी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले, डबा मांडीवर घेऊन. समोरच्या बाईनं विचारलं, “आजी, लेकीकडं निघाल्या का? डब्यात काय नेऊन राहिल्या?” तुझं उत्तर तोंडावर आलं, पण ते तुझंच आहे, म्हणून मी नुसतं डब्याचं झाकण दाबून बसवलं. सेंटरच्या पोरीला मी त्यांच्या फॉर्मसोबत तुझ्या गठ्ठ्यातला एक फॉर्म भरून दिला. तिनं चौथा रकाना वाचला, म्हणाली, “ये अच्छा है.” कुमुद, तुझं कौतुक एका अनोळखी पोरीनं एका मिनिटात केलं.

गठ्ठ्यातून फॉर्म काढताना दोन निघाले होते. एक उरला. उरलेलं आता मी ठेवत नाही. घरी आल्यावर टेबलाशी बसून तोही भरला. तुझं नाव. वय अडुसष्ट. नमुन्याआधी औषध घेतलं का? हो. कोणतं? पिवळी कॅप्सूल, चार. कधी? दोन दिवस आधीपासून.

याचा फोटो काढून मी या लिखाणाबरोबर मुलांना पाठवते आहे. ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मुक्ता, वाचून झालं की बाबांना दे आणि मग मला फोन करा. रागावलात तरी करा, रागावला असाल तर नक्की करा.

कोणी दिलं?

वहिनीनं. पूर्ण नावानं लिहिलं आहे, खाली सही केली आहे. आता ओरड.